बघणाऱ्यानं बोलायचं नाही

"ह्यातली मी कोण?" आईनं विचारलं.

पडद्यावर धुक्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. कमरेला दोन तलवारी, डोक्यावर वेताची रुंद टोपी. त्याच्याशिवाय तिथे एक झाड आणि एक घोडा एवढंच होतं, त्यामुळे प्रश्न तसा अवघड नव्हता. पण आईनं हातातला कंट्रोलर आरतीच्या ताटासारखा दोन्ही तळहातांवर आडवा धरला होता आणि ती पडद्याऐवजी माझ्याकडे बघत होती.

मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतंय, तू सांगावंस."

काचेपलीकडे देवस्थळीनं कपाळ चोळलं. देवस्थळी म्हणजे माझा साहेब. वयानं माझ्याहून लहान, पण त्या महिन्यातल्या जागरणांनी आम्ही सगळेच एका वयाचे दिसत होतो.

अकरा-बारा वर्षं झाली या गोष्टीला. कर्वेनगरात एका हार्डवेअरच्या दुकानावर आमची कंपनी होती. बाहेरदेशी बनलेले व्हिडिओ गेम आम्ही मराठीत आणि हिंदीत आणायचो, आणि बाजारात जाण्याआधी ते खेळून तपासायचो. लोकांना वाटायचं, मजा आहे बुवा हिची, खेळायचा पगार मिळतो. एकच दरी रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या ओलांडायला लागली की मजा कुठे जाते ते मला विचारा. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सामुराईचा एक खेळ आला होता. जुन्या जपानातला एक तलवारबाज आणि त्याच्यासमोर मोकळं जग. डोंगर, गावं, समुद्र, पाहिजे तिकडे घोडा घेऊन जा, कुणी अडवत नाही. पण नवी माणसं सुरुवातीलाच कंटाळून सोडून देत होती. म्हणून पडदा बदलताना खाली ज्या सूचना येतात, नवशिक्यांसाठीच्या, त्या मराठीत मी लिहायच्या होत्या. 'पहिला वार आपण करू नका, समोरच्याचा अडवा.' 'जखमी असताना पुढच्या लढाईला जाऊ नका.' 'घोड्यावर बसून गर्दीत शिरू नका.' अशा.

आता सूचना लिहायची तर नवशिका नेमका कुठे अडतो ते आधी कळायला हवं. त्याची एक रीत होती. ज्यानं जन्मात असला खेळ खेळलेला नाही असा माणूस आणायचा, खुर्चीत बसवायचा, आणि आपण शेजारी बसून नुसतं बघायचं. तो भिंतीला धडका देत राहिला तरी बोलायचं नाही. रडकुंडीला आला तरी नाही. त्यानं काही विचारलंच तर एक वाक्य बोलायची मुभा होती, तुम्हाला काय वाटतं? कारण आपण एक अक्षर सांगितलं की तो नवशिका राहत नाही, मग चाचणी बाद. 'बघणाऱ्यानं बोलायचं नाही' असं देवस्थळीनं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं होतं.

त्या शनिवारी यायचे ते निवृत्त बँकवाले गृहस्थ आलेच नाहीत. देवस्थळी मला म्हणाला, "निकम, तुमच्या आई आल्यात ना राहायला? त्यांनी कधी खेळला नसेल."

"आईनं सापशिडीसुद्धा खेळलेली नाही," मी म्हटलं.

"मग उत्तम."

मी आईला रिक्षा करून बोलावून घेतलं. खरं तर त्या दिवशी मी रजा घेणार होते, कारण आईचा तो माझ्याकडचा शेवटचा दिवस होता. रजा मिळाली नाही. निदान असा तरी दिवस जाईल तिच्याबरोबर, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानुदासची जीप येणार होती. भानुदास माझा चुलतभाऊ, आमच्या कोरेगावचा. त्याची आई, म्हणजे आईची थोरली जाऊ, मोरीत घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ती उठणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. भानुदासचा फोन आला, त्यानं एवढं सांगितलं, आणि तो पुढे काही मागायच्या आत आई म्हणाली, "येते मी." किती दिवस, कशासाठी, काही नाही.

अण्णा, माझे वडील, जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सात वर्षं ते अर्धांगवायूनं अंथरुणावर होते, आणि सात वर्षं आईनं त्यांची कूस बदलली, घास भरवले, खालचं वरचं सगळं केलं. ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी नेमकी आई घरात नव्हती. बचत गटाच्या बायकांबरोबर साताऱ्याला प्रदर्शनाला गेली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. शेजारच्या सिंधूकाकू अण्णांपाशी बसल्या होत्या. आई परत आली तेव्हा दारात लोकांच्या चपला होत्या. तिला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तीही त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. दिवस झाल्यावर मी तिला पुण्याला घेऊन आले. वाटलं, आता तरी ही बाई पाठ टेकेल. तर ही पुन्हा दुसऱ्याच्या अंथरुणाशी निघाली.

आठवडाभर आमची त्यावरून जुंपली होती.

"त्यांच्या घरात दोन सुना आहेत. तूच का?"

"त्येंला येत न्हाई. मला येतंय."

"आई, ही पण सात वर्षं जगली तर?"

"जगू दे की. मरू दे म्हणतीस व्हय?"

मी दमून अंथरूण घालायला उठायचे. दमायला मला तेव्हा निमित्त लागतच नव्हतं.

तर आई खेळायला लागली. पहिल्यांदा तिचा सामुराई झाडाला जाऊन धडकला आणि तिथेच पाय मारत राहिला. तो डावीकडे वळावा म्हणून आई स्वतःच डावीकडे झुकली. मग उजवीकडे झुकली. खुर्ची करकरली. मग तिच्या अंगठ्याला कुठली तरी कळ लागली आणि सामुराईनं कमरेत वाकून नमस्कार केला.

"संस्कार चांगलेत," आई म्हणाली.

पहिला शत्रू दिसला तेव्हा तिनं तीच कळ दाबली. वाकून नमस्कार केला आणि वाकलेली असतानाच तिचं मुंडकं उडालं. काळा पडदा आला, आणि सामुराई पुन्हा झाडापाशी उभा.

"ह्यो मेला न्हवं?"

"तुला काय वाटतं?"

"मेला की! आन् परत उभा ऱ्हायला?" तिनं सामुराईकडे जरा वेळ बघितलं. "बरं हाय बाबा तुजं."

पुढच्या खेपेला तिनं नमस्कार केला नाही, पण तलवार नुसतीच हवेत फिरवली. मेली. पुन्हा उठली. मग पळून बघितलं. पाठीत वार. मेली. मी कॉम्प्युटरवर नोंदी करत होते. पहिला वार स्वतः करते. अडवायची कळ सापडलेली नाही. मागे वळून बघत नाही. माझे डोळे चुरचुरत होते. इतक्यांदा पाहिलेली ती दरी मला आता डोळे मिटले तरी दिसायची, आणि तीच दरी आईला एकेक पाऊल नवी होती.

ओळीनं किती तरी वेळा मेल्यावर ती थांबली. शत्रू समोर आला तरी काही न करता उभी राहिली. वैतागली असेल असं मला वाटलं. पण ती त्याच्या खांद्याकडे बघत होती. खांदा हलला तशी तिनं एक कळ दाबली, तलवारीवर तलवार वाजली आणि शत्रू अडखळला. मग तिनं निवांत वार केला.

"आधी त्येचं त्येला करू द्यायचं," ती म्हणाली. "घास भरवतानाबी तसंच अस्तंय. त्येनं तोंड उगडल्याबिगार चमचा न्यायचा न्हाई."

मी लिहिलेल्या सूचनेपेक्षा हे बरं होतं. ते मी खालच्या कोपऱ्यात टिपून ठेवलं.

पुढे एक पहारेकरी भिंतीला टेकून झोपलेला होता. खेळात त्याला झोपेतच संपवायचं असतं, म्हणून तो तिथे ठेवलेला असतो. आई त्याच्याजवळ गेली, उभी राहिली आणि वळली.

"झोपलेल्याला कुटं उठवायचं," म्हणाली, आणि त्याच्या पायाजवळून अलगद गेली. काचेपलीकडे देवस्थळीनं मान हलवली.

दरीच्या टोकाला एक देऊळ येतं. तिथे सामुराईचा धनी जखमी होऊन पडलेला असतो. तो सांगतो, दरीपलीकडे एक वैद्यीण राहते, तिच्याकडून औषध घेऊन ये. खेळाची पहिली कामगिरी ती. आईनं त्याचं बोलणं ऐकून घेतलं. ऐकताना ती खुर्चीतून पुढे सरकली होती.

"ह्येला उताणा का टाकलाय?" ती म्हणाली. "कुशीवर करा की कुनीतरी. पाठ जाईल त्येची."

तिनं सगळ्या कळा दाबून बघितल्या. धन्याला कुशीवर करायची कळ त्या खेळात नव्हती. सामुराईनं दोनदा नमस्कार केला, एकदा तलवार उपसली. शेवटी ती नाइलाजानं निघाली.

मध्ये चहाची सुट्टी झाली. सुट्टीत बोलायला हरकत नव्हती, फक्त खेळाबद्दल नाही. आईनं बशीत चहा ओतला. तिची मनगटं सुजलेली होती. अण्णांना उचलून उचलून ती कायमची तशी झाली होती.

"आई, एकदाच विचारते. शेवटचं."

"मग नगं विचारूस."

"तुला जायचंय की जावं लागतंय?"

ती चहावर फुंकर घालत राहिली. "दोन्ही एकच अस्तंय, उजे," ती म्हणाली. "चल, तो मानूस थितं पडलाय."

वैद्यिणीकडून औषधाची कुपी मिळेपर्यंत दुपार कलली. कुपी मिळाली की घोडा वळवायचा आणि आल्या वाटेनं सरळ देवळात जायचं. लहान मुलं तेच करतात. आईनं घोडा वस्तीकडे घातला. एकेका झोपडीत शिरायची, मडक्यांपाशी उभी राहायची, बाहेर यायची. देवस्थळीनं माझ्या पडद्यावर निरोप धाडला, 'काय शोधतायत त्या?' मला माहीत नव्हतं आणि विचारता येत नव्हतं.

मग आईच म्हणाली, "भात न्हाई, पेज न्हाई, कसली मानसं ही! औशिद काय उपाशीपोटी देत्यात?"

मला हसू आलं. मी नोंद केली, 'औषधाआधी खायला शोधते आहे.'

शेवटच्या झोपडीमागून एक पायवाट जाते. ती कुठल्याच कामगिरीची नाही. बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी हौस आली असेल. पेज मिळेल म्हणून आई त्या वाटेनं गेली, वाट चढली, आणि समोर एकदम समुद्र आला. संध्याकाळचा उजेड, खाली लाटा, वाऱ्यानं झोपलेलं गवत. आईच्या अंगठ्यांनी हलणं सोडलं.

कोरेगावच्या बाईनं समुद्र कधी बघितला होता? मला वाटतं नव्हताच.

"थांबू का हितं जरा?" तिनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

या वेळी ती चिडली नाही. सामुराईला तिनं कड्याच्या टोकापर्यंत नेलं. बसायची कळ तिला कशी सापडली कोण जाणे. तो बसला. घोडा चरायला लागला. आईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला, खुर्चीला पाठ टेकली आणि नुसती बघत राहिली. पाठ टेकलेली आई मी फारशी पाहिलेली नव्हती. 'अडकल्या का?' देवस्थळीनं विचारलं. 'नाही, बसल्यात,' मी लिहिलं. तो काचेपलीकडे येरझाऱ्या घालत राहिला, पण मध्ये पडला नाही, एवढं त्याचं चांगलं.

बऱ्याच वेळानं आई दचकली. कुकरची शिट्टी मोजायची राहून गेल्यावर दचकावं तशी.

"अगं बाई! त्यो थितं पडलाय!"

तिनं घोडा भरधाव सोडला. दरीत शिरताना शत्रू आडवे आले ते तिनं एकेक करून अडवले, पाडले, एकदाही न मरता. सकाळी झाडाला धडकणारी बाई ती हीच, हे सांगून कुणाला पटलं नसतं. ओठ घट्ट मिटलेले, पदर खोचलेला. ती देवळाच्या पायऱ्यांशी आली तेव्हा मी नोंदी करायची थांबले, कारण पुढे काय आहे ते मला माहीत होतं. सकाळपासूनच माहीत होतं, पण नोकरीत तोच प्रसंग शेकडो वेळा बघितला की तो प्रसंग राहत नाही. आईला मी इथे आणून बसवताना तो माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

सामुराई आत गेला. गुडघे टेकले. धन्याचं डोकं मांडीवर घेतलं, कुपी ओठांना लावली. धनी दोन घोट प्यायला. त्यानं सामुराईचा हात धरला. मग धरलेला हात सुटला.

देवळात वारा आला आणि पणती विझली. मागे एक मोठं दार हळूहळू उघडलं आणि पलीकडे मैलोन्‌मैल पसरलेला मुलूख दिसू लागला. खरा खेळ तिथून सुरू होतो. आईनं त्या मुलखाकडे बघितलंसुद्धा नाही.

"उशीर झाला," ती म्हणाली.

मी नोंदीत वेळ टाकली.

"उजे, माज्यामुळं गेला का त्यो?"

तिनं माझ्याकडे मान वळवली नव्हती. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ जास्त झालं का असं विचारल्यासारखा. मला दुसरं काही सुचलं नाही. दिवसभर तेच वाक्य तोंडात होतं, तेच बाहेर पडलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतंय, माज्यामुळंच," आई म्हणाली. "बाकीच्या बाया चारलाच निघाल्या हुत्या. मला म्हणल्या, चला. मी म्हणलं, व्हा पुढं, मी येते मागनं. ष्टँडसमोर आइस्क्रीमचं दुकान हाय. थितं एकटी बसले. एक खाल्लं. मग आनिक एक मागवलं. दोन यष्ट्या गेल्या डोळ्यांम्होरनं. उठू वाटंना. घरी जाऊ वाटंना मला, उजे. सात वर्सं मनात बी आलं न्हवतं, त्या दिशी आलं. आन् त्याच टायमाला ते गेले."

काचेवर टकटक झाली. मी तिकडे बघितलं नाही.

म्हणजे हे होतं. म्हणून भानुदासचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती 'येते' म्हणाली होती. दोन आइस्क्रीमची शिक्षा म्हणून ती आणखी एक अंथरूण मागून घेत होती, आणि ते किती वर्षांचं असेल याची तिला पर्वा नव्हती.

"आई, नाही," मी म्हटलं. "कधीही गेलं तरी तो मरतो."

"कोन?"

"हा. धनी. तू समुद्रावर बसलीस म्हणून नाही. पेज शोधलीस म्हणून नाही. सरळ धावत आलं तरी तो मरतोच."

"आन् तुज्या अण्णांचं?"

"डॉक्टर म्हणाले होते ना, झोपेत रक्ताची गाठ सरकली. तू उशाशी बसलेली असतीस तरी."

"डाक्टर मला बरं वाटावं म्हणून म्हणला."

"मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मी पगार घेऊन मारलंय ह्याला, शेकडो वेळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं कंट्रोलर माझ्या हातात दिला. "दाव," ती म्हणाली.

मी खेळ पहिल्यापासून लावला. ती दरी मी झोपेतही ओलांडू शकले असते. झाड, घोडा, पहिला शत्रू, अडव, वार, पुढे. झोपलेल्या पहारेकऱ्याला वळसा घातला. आईसमोर त्याला मारायचा मला धीर झाला नाही. धनी, वैद्यीण, कुपी. घोडा एकदाही थांबवला नाही. आई खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती, एक अक्षर न बोलता. त्या भिंतीवरची पाटी इतकी कुणीच पाळली नसेल. मी पायऱ्यांवर घोड्यावरून उडी टाकली, धावत आत गेले, डोकं मांडीवर घेतलं, औषध पाजलं.

धनी दोन घोट प्यायला. हात धरला. हात सुटला.

आईनं खोल श्वास घेतला. "परत," ती म्हणाली.

मी परत गेले. या वेळी लढलेसुद्धा नाही, शत्रूंच्या मधून घोडा काढला आणि अंगावर बाण घेत आले. याहून लवकर कुणी येऊच शकत नाही. दोन घोट, हात, वारा, पणती.

"मग औशिद आणायला कशाला लावत्यात?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. आणणाऱ्यासाठी असेल."

तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रडू मलाही येत होतं, पण मी तिच्यापुढे रडले असते तर तिनं स्वतःचं थांबवून माझं बघितलं असतं, एवढं मी तिला ओळखत होते.

"खेळ हाय ह्यो," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मला कळतंय, उजे. मी काय एवढी येडी न्हाई."

"हो."

"पन बगितलं ते बरं झालं."

देवस्थळी दारात येऊन उभा राहिला. चाचणी बाद झाली हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्यानं आईकडे बघितलं, आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवून बाहेर गेला.

आई पाणी प्यायली. तोंड पुसलं. मग म्हणाली, "भानुदासला फोन लाव."

मी लावून दिला. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते, दूर आहे तेवढं मोठ्यानं.

"भानुदास? उद्या जीप आण, येते मी. आठ दिस ऱ्हाते. एक बाई बगून ठेव. हां, पगारी. तिला आन् तुज्या बायकुला सगळं शिकवते, कूस कशी बदलायची, भरवायचं कसं, पावडर कुटं लावायची. मग परत येते... न्हाई. न्हाई रे. कायमची न्हाई ऱ्हाणार." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. आई ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू त्याला दिसतंय. मला वाटलं, आता ही विरघळणार. "जाऊ हाय माजी, मला काय माया न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पन मला हुत न्हाई आता."

तिनं फोन मला दिला, बंद करायला. तिला तो बंद करता यायचा नाही.

"दमले गं मी, उजे," ती म्हणाली.

सात वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. अण्णांना उचलताना कंबर धरली होती तेव्हा नाही, तेराव्याच्या दिवशी शंभर पानं उठवल्यावरही नाही. ती परत खुर्चीला टेकली. पडद्यावर तो मुलूख पसरलेला होता आणि सामुराई दारात उभा होता, कुणी कळ दाबेल याची वाट बघत. मी काही बोलायच्या आत आईची मान एका बाजूला कलली. तिला तिथेच, त्या चाचणीच्या खुर्चीत, झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले.

मी पडद्याचा आवाज बंद केला.

देवस्थळीनं दार किलकिलं केलं आणि हळू आवाजात म्हणाला, "निकम, ते बँकवाले आले शेवटी. बाहेर बसलेत. खुर्ची लागेल."

"बसू दे त्यांना," मी म्हटलं.